डीसी चाचणीत टिकलेली जुनी केबल सहाव्या दिवशी का फुटली?

प्रश्न (भुसावळ)
आमच्या कारखान्यातील ११ केव्हीची (किलोव्होल्टची) एक्सएलपीई केबल, म्हणजे क्रॉसलिंक केलेल्या (रेणू आडवे जोडलेल्या) पॉलिथिनच्या विद्युतरोधक थराची केबल, सुमारे २० वर्षांपासून काळ्या जमिनीत पुरलेली आहे. पावसाळ्यानंतर तिचा एक जोड बदलावा लागला. केबल पुन्हा चालू करण्यापूर्वी आम्ही नेहमीच्या प्रथेप्रमाणे १५ मिनिटे २५ केव्ही डीसी (एकाच दिशेचा) विद्युतदाब दिला. गळती प्रवाह अगदी अल्प होता, तरीही सहाव्या दिवशी केबल नव्या जोडापासून बऱ्याच अंतरावर फुटली. तार आणि जमीन यांमधील रोजच्या सुमारे ६.३५ केव्हीच्या चारपट दाब सोसलेली केबल रोजच्या दाबाला कशी फुटते, हे जाणकारांनी कृपया समजावून सांगावे.

उत्तर (जळगाव, निवृत्त चाचणी अभियंता)
महोदय, मला मुख्य संशय स्पेस चार्जचा, म्हणजे विद्युतरोधकाच्या आत साचलेल्या विद्युतभाराचा आहे. ५० हर्ट्झच्या एसी दाबाची दिशा सेकंदाला १०० वेळा बदलत असल्यामुळे विद्युतभाराला पॉलिथिनमध्ये खोलवर साचण्यास वाव मिळत नाही. डीसीत मात्र दाब कित्येक मिनिटे एकाच दिशेने राहतो, इलेक्ट्रॉन आत शिरतात आणि रेणूंच्या रचनेतील दोषांच्या जागी अडकून पडतात. इलेक्ट्रोडजवळ (केबलीच्या तारेजवळ) साचलेला समान जातीचा भार तिथला ताण (विद्युतक्षेत्राची तीव्रता) काही काळ कमीच करतो, त्यामुळे चाचणीत केबल सुदृढ वाटते. पुढे एसी दाब देताच विरुद्ध अर्धचक्रात हाच अडकलेला भार ताणात भर घालतो. आपल्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत ओल महिनोन्महिने टिकते, आणि अशा जुन्या केबलीत बहुधा वॉटर ट्री, म्हणजे ओलीमुळे पॉलिथिनमध्ये पसरणारे झाडासारखे सूक्ष्म दोष, झालेले असतात. त्यांच्या टोकाशी ताण वाढला की तिथून इलेक्ट्रिकल ट्री (विद्युत विसर्गाने पॉलिथिन पोखरणारी फांद्यांसारखी वाट) सुरू होतो आणि मग केबल फुटायला फार दिवस लागत नाहीत.

उत्तर (धुळे, भौतिकशास्त्राचे अध्यापक)
वरील विवेचन पटते, तरी फुटलेला तुकडा कापून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्याशिवाय निष्कर्ष पक्का मानू नये. नव्या केबलीत क्रॉसलिंकिंगनंतर उरणारे ॲसिटोफिनोनसारखे पदार्थही भार साचवतात, म्हणूनच कारखान्यात ती गरम ठेवून हे पदार्थ बाहेर काढतात. इतक्या जुन्या केबलीत मात्र मला ओल आणि आयन यांचाच वाटा मोठा वाटतो. साचलेला भार प्रयोगशाळेत मोजताही येतो: सूक्ष्म विद्युत स्पंद दिला की भार किंचित हलतो आणि ध्वनिलहर निघते, तिला संवेदकापर्यंत पोहोचायला लागलेल्या वेळेवरून भाराची खोली कळते.

प्रश्नकर्ता
दोघांचाही आभारी आहे. मग पुढील चाचणी कशी करावी?

उत्तर (जळगाव)
०.१ हर्ट्झची व्हीएलएफ (अतिअल्प वारंवारतेच्या एसी दाबाची) चाचणी करावी. त्यात दाबाची दिशा दर ५ सेकंदांनी बदलते आणि ५० हर्ट्झच्या तुलनेत चार्जिंग प्रवाह ५०० पटींनी कमी लागत असल्याने यंत्र लहान गाडीत मावते. ११ केव्हीसाठी साधारण १९ केव्ही दाब १५ मिनिटे देतात. तुमची केबल जुनी असल्याने तो किती ठेवावा हे चाचणी करणाऱ्यांशी ठरवून घ्यावे. मात्र ज्या केबलींवर डीसी दाब आधीच दिला गेला आहे, त्या पुन्हा चालू करण्यापूर्वी बराच वेळ अर्थ करून (जमिनीशी जोडून) ठेवाव्यात, कारण आत अडकलेला भार काही मिनिटांत निघून जात नाही.