गोल्फमध्ये उन्हाळ्यातल्या टणक जमिनीवर चिप शॉट (ग्रीनजवळून मारायचा छोटा, बुटका फटका) कसा सुधारावा?

धंतोलीकर: मे महिन्यात नागपूरची काळी जमीन दगडासारखी टणक होते आणि गवतही विरळ असते, अशा वेळी ग्रीनच्या (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) कडेवरून ५६ अंशांच्या सँड वेजने (वाळूतून चेंडू उचलायच्या, तिरप्या तोंडाच्या काठीने) चिप करताना क्लब म्हणजे ही काठी जमिनीवरून उसळून चेंडूच्या मधोमध लागतो आणि चेंडू थेट ग्रीनपार जातो. जाणकारांनी उपाय सुचवावा.

जुना सभासद: दोष हातापेक्षा क्लबच्या निवडीत अधिक दिसतो. सँड वेजचा तळ वाळूत रुतू नये म्हणून फुगीर ठेवलेला असतो आणि टणक जमिनीवर तोच फुगीरपणा उसळी देतो. मध्ये अडथळा नसेल, तर आठ नंबरचे आयर्न (वेजपेक्षा कमी तिरप्या तोंडाचा क्लब) घेऊन, मनगट न मोडता, पटिंग करतो (ग्रीनवर चेंडू होलकडे घरंगळवतो) तसाच फटका मारावा. चेंडू थोडा वेळच हवेत राहतो आणि उरलेले अंतर घरंगळत कापतो.

सकाळचा खेळाडू: सहमत आहे. उजव्या हाताने खेळत असाल, तर वजन डाव्या पायावर आणि चेंडू किंचित मागे ठेवावा. लक्ष्य होल नव्हे, चेंडू पहिला टप्पा घेईल ती जागा असावी. सरावाच्या वेळी तिथे टॉवेल अंथरावा.

धंतोलीकर: आणि मध्ये बंकर (वाळूचा खड्डा) असल्यास?

जुना सभासद: मग वेजच लागेल, मात्र कमी बाउन्सचा, म्हणजे कमी फुगीर तळाचा, शिवाय झेंड्याजवळ जाण्याचा मोह सोडून ग्रीनच्या रुंद भागाकडे खेळावे.