व्हॉट्सॲप संदेश आणि फोनवरील ध्वनिमुद्रण दिवाणी दाव्यात शाबीत कसे करावे?

प्रश्नकर्ता:
एका परिचिताला मी हातउसनी रक्कम दिली होती. लेखी करार झालेला नाही; परंतु रक्कम मिळाल्याची कबुली त्याने व्हॉट्सॲपवर आणि एका दूरध्वनी संभाषणात दिली असून ते संभाषण माझ्या फोनमध्ये ध्वनिमुद्रित आहे. वसुलीचा दावा मी या वर्षी दाखल केला. कैफियतीत (दाव्याला दिलेल्या लेखी उत्तरात) त्याने संदेश बनावट असल्याचे आणि आवाज आपला नसल्याचे म्हटले आहे. ज्या फोनमध्ये हे सारे आहे त्याची काच फुटल्यामुळे मी सर्व माहिती नव्या फोनमध्ये उतरवून घेतली आहे. स्क्रीनशॉटच्या छापील प्रती आणि पेनड्राइव्ह दाखल करणे पुरेसे होईल का?

दिवाणी वकील:
पुरेसे होणार नाही. आपला दावा 1 जुलै 2024 नंतरचा असल्याने त्याला भारतीय साक्ष्य अधिनियम, 2023 लागू होतो (त्या दिवशी प्रलंबित असलेली प्रकरणे जुन्याच कायद्याने, म्हणजे भारतीय पुरावा अधिनियम, 1872 ने चालतात). छापील प्रत किंवा पेनड्राइव्ह ही मूळ नोंदीची नक्कल असल्यामुळे तिच्यासोबत कलम 63(4) खालील प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा नमुना अधिनियमाच्या अनुसूचीतच आहे: भाग ‘अ’ फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे आपण भरायचा आणि भाग ‘ब’ तज्ज्ञाने. जुन्या कलम 65ब मध्ये तज्ज्ञाच्या सहीची अट नव्हती, त्यामुळे जुने नमुने वापरणारे पक्षकार आजही भाग ‘ब’ विसरतात.

सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (2020) प्रमाणपत्र अनिवार्य ठरवताना हेही स्पष्ट केले की, मूळ साधनच न्यायालयात हजर करून त्याच्या मालकाने साक्षीत ते आपले असल्याचे व आपण वापरत असल्याचे सांगितले, तर प्रमाणपत्राची गरज राहत नाही. म्हणून फुटलेला फोन कृपा करून विकू नका आणि तो रिसेट होऊ देऊ नका. काच बदलून घेतलीत तर पावती जपून ठेवा, कारण फोन दुरुस्तीला कोणाच्या हातात होता हा प्रश्न उलटतपासणीत हमखास येतो.

संगणक न्यायवैद्यक क्षेत्रात काम करणारा:
प्रमाणपत्राच्या नमुन्यात हॅश मूल्य (फाइलमधील मजकुरावरून गणिताने काढलेली, तिच्या बोटाच्या ठशासारखी ओळख) लिहावे लागते, त्याकडे लोक फार दुर्लक्ष करतात. एसएचए-256 पद्धतीने फाइलचे 64 चिन्हांचे मूल्य निघते. फाइलचे नाव बदलल्याने ते बदलत नाही. मात्र सुरुवातीची क्षणभराची शांतता कापली किंवा फाइल दुसऱ्या स्वरूपात जतन केली, तर मूल्य पूर्णपणे निराळे येते. म्हणून ध्वनिमुद्रण ‘स्वच्छ’ करण्याचा मोह टाळावा आणि जुन्या फोनमधील फाइलचेच मूल्य काढून घ्यावे. संभाषणातील निवडक संदेशांचे स्क्रीनशॉट देण्याऐवजी मागचेपुढचे संदेश, तारखा आणि समोरच्याचा क्रमांक दिसेल अशी संपूर्ण साखळी द्यावी.

दिवाणी वकील:
हॅश जुळला म्हणजे नक्कल मुळाबरहुकूम आहे एवढेच ठरते; संदेश प्रतिवादीनेच लिहिला आणि आवाज त्याचाच आहे, हे वेगळे शाबीत करावे लागते. दस्ताला निशाणी पडली (न्यायालयाने पुरावा म्हणून क्रमांक दिला) की काम झाले, असे समजणाऱ्यांचे दावे माझ्या मते इथेच ढासळतात. आर. एम. मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य (1973) या निकालापासून आवाजाची ओळख पटणे आणि ध्वनिफितीत खाडाखोड झाल्याची शक्यता नाहीशी होणे या अटी मानल्या जातात. आपण स्वतः त्या संभाषणात बोलत होता, त्यामुळे आवाज ओळखल्याची साक्ष आपण देऊ शकता. तरीही प्रतिवादीच्या आवाजाचा नमुना घेऊन तज्ज्ञामार्फत तुलना करावी, असा अर्ज वेळीच द्यावा. संदेश ज्या क्रमांकावरून आले तो प्रतिवादीच्या नावावर असल्याची नोंद दूरसंचार कंपनीकडून न्यायालयामार्फत मागवता येते.

प्रश्नकर्ता:
मनःपूर्वक आभार. जुना फोन बंद करून ठेवला आहे. बँकेतून रक्कम वर्ग केल्याचा उताराही माझ्याकडे आहे. तोही जोडू का?

दिवाणी वकील:
अवश्य जोडा. बँकर्स बुक्स एव्हिडन्स ॲक्ट, 1891 नुसार बँकेने प्रमाणित केलेलाच उतारा मागून घ्या. रक्कम वर्ग झाल्याची तारीख आणि कबुलीच्या संदेशातील तारीख यांचा मेळ बसत असेल, तर संदेश बनावट असल्याचा बचाव टिकवणे प्रतिवादीला बरेच अवघड जाईल.