मदत हवी आहे: घरच्या प्रार्थनेत वचन वाचन कसं चालवायचं?

सगळ्यांना जय ख्रिस्त. आम्ही बेळगावजवळ खानापूर साईडला बुधवारी संध्याकाळी घरोघरी प्रार्थनेला जमतो, सध्या मार्कचं शुभवर्तमान वाचालोय, १६च अध्याय म्हणून तेच घेतलं. पण मोठी माणसं मराठी बायबल घेऊन बसतात आणि पोरं कन्नड मीडियमची, वाचताना अडखळली की गप्पच होतात. दोन्ही भाषेत वाचलं तर चर्चेला वेळच उरत नाही, त्यात उद्यमबागच्या कारखान्यांत फर्स्ट शिफ्टवाल्यांना उशीर नको (बरोबरच आहे त्यांचं). मला वाटतं आठ-दहाच वचनं घ्यावी आणि याकोब १:२२ (वचन नुसतं ऐकू नका, त्याप्रमाणे वागा) प्रमाणे आठवडाभर पाळून बघावी. खरं पुढच्या बुधवारी कोणी काय केलं ते विचारायचं कसं, हजेरी घेतल्यासारखं न वाटता? कोण असं चालवत असेल तर सांगा की.