शनिवारी चोर्ला घाटाने म्हापशाला जायचंय, पल्सरच्या चाकांचं काय करू? बजेट २५००

येळ्ळूरकर
नमस्कार मंडळी. शनिवारी पहाटे बायकोला घेऊन बेळगावहून म्हापशाला जाऊलोय, मित्राचं लग्न आहे. जाताना जांबोटी, कणकुंबी, चोर्ला, साखळी. येताना सावंतवाडी, आंबोली, चंदगड. गाडी २०१७ ची पल्सर १५०, अलॉय, ट्यूबलेस टायर. मागच्या चाकातली हवा दर दोन दिवसांनी निम्मी होते. पंक्चरवाल्याने दोनदा बघितलं, खिळा-बिळा काही नाही म्हणतो. दुसरं म्हणजे गणपतीच्या आधी गाडी एका खड्ड्यात जोरात आपटली, तेव्हापासून पन्नासच्या वर हँडल थरथरूलंय. २५०० च्या वर एक रुपया काढता येणार नाही, लग्नात आहेर पण आहे. घरी बाबांची २००८ ची स्प्लेंडर आहे, पण पुढचं चाक आउट गेलंय, म्हणजे डुलत फिरतंय, म्हणून वर्षभर पडून आहे. काय करू?

टिळकवाडी रायडर
दोन्ही टायर बदल, विषय संपला. मी गेल्या वर्षी दोन्ही चाकांना रेडियल टाकले, सात हजार गेले, पण आंबोलीच्या वळणावर गाडी जमिनीला चिकटून जाते. टायरवर पैसे वाचवू नयेत.

येळ्ळूरकर
दादा, बजेट २५०० आहे.

निपाणीकर
मी कायम एमआरएफच घालतो. चोर्ला उतरून फोंड्याकडे गेलात तर उसगावला त्यांचा कारखानाच आहे. माझी गाडी त्या टायरवर कोल्हापूर-निपाणी रोज पळते, तीन वर्षं झाली, एक पंक्चर नाही. मागचा १००/९०-१७ दोन हजाराच्या आसपास मिळेल. पुढचा पगार झाल्यावर घ्या.

चंदगडी
टायरचं राहू दे, येताना आंबोली अंधार पडायच्या आत सोडा. संध्याकाळी धुकं उतरलं की पुढच्या गाडीचा लाल दिवा पण दिसत नाही. मी एकदा तासभर चहाच्या टपरीवर बसून होतो.

जुना मेकॅनिक, खानापूर
टायर नंतर घ्या, आधी हवा कुठून जाते ते शोधा. तीस वर्षं हेच काम केलंय. वाटीभर पाण्यात शाम्पू घालून फेस करा. गाडी मेन स्टँडवर लावा, मागच्या चाकात पस्तीसपर्यंत हवा मारा. आधी व्हॉल्व्हची टोपी काढून तोंडावर थेंब सोडा. फुगा आला तर पिन गेली, किरकोळ पैशांचं काम. मग व्हॉल्व्ह बोटाने तिरका करून बुडाशी बघा, तिथलं रबर चिरतं. शेवटी टायर आणि रिम जिथे भेटतात ती कड, दोन्ही बाजूंनी पूर्ण फिरवून. बारीक गळतीचे फुगे मोहरीएवढे असतात आणि उठायला मिनिटभर लागतं, घाई करू नका. कडेला पांढरी भुकटी जमली असेल तर टायर उतरवून पॉलिश पेपरने घासायला सांगा. कितीतरी गाड्यांची हवा एवढ्यानेच थांबते.
पुढच्या चाकासाठी गाडी मेन स्टँडवर, कुणाला तरी मागे दाबून बसवा म्हणजे चाक उचलेल. लोखंडी सळी फोर्कला टेकवून रिमच्या जवळ धरा आणि चाक हळू फिरवा. फट कमी-जास्त झाली तर रिम आउट. चाक वर-खाली धरून हलवा, खडखडलं तर बेअरिंग. फोर्क खालून धरून पुढे-मागे ओढा, ठकठक आली तर कोनसेट, म्हणजे हँडलचं बेअरिंग.

टिळकवाडी रायडर
रिम आउट असेल तर उद्यमबागेत, तिथल्या कारखान्यांत, प्रेसवर सरळ करून मिळते. मी ८०० रुपयांत केली, दोन वर्षं झाली, काही त्रास नाही.

मच्छे फाउंड्री
मी अ‍ॅल्युमिनियम ओतायचं काम करतो, म्हणून कळकळीने सांगतो. पल्सरचं अलॉय ओतीव असतं. ओतीव धातू वाकला की परत सरळ करताना तडा जाऊ शकतो, आणि गरम करून दाबलं तर त्याची ताकद पण उतरते. तडा नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. आम्ही कास्टिंगवर लाल रंग मारून पुसतो, वरून पांढरं डेव्हलपर फवारतो. तडा असला तर पांढऱ्यावर केसाएवढी लाल रेघ उमटते. रिम सरळ करून घेतलीत तर ही टेस्ट केल्याशिवाय घालू नका. मागे बायको बसणार आहे.

टिळकवाडी रायडर
माझ्या रिमला काहीच झालं नाही.

मच्छे फाउंड्री
चांगलंच आहे. तरी एकदा रंग मारून बघा. माझ्याकडे घेऊन या, पैसे नकोत.

अनगोळची वहिनी
मागे बसणाऱ्या माणसाचं पण ऐका. मागच्या मे महिन्यात आम्ही कणकुंबीच्या पुढे दिवेलागणीला पंक्चर झालो. मागचा टायर गुळगुळीत होता आणि ह्यांनी जाऊ दे म्हणून तसाच ठेवला होता. जंगलात दीड तास उभी होते मी, फोनला रेंज नाही. एक टेम्पोवाला देवासारखा आला. टायरच्या खाचेत बारीक उंचवटे असतात, त्यांच्या बरोबरीला रबर आलं की टायर संपला. आणि दोघं जाणार असाल तर हवा दोघांची मारा. गाडीवरच्या स्टिकरवर एकट्याचा आणि दोघांचा आकडा वेगळा असतो, हे मला त्या दिवसानंतर कळलं.

निपाणीकर
वहिनी बरोबर बोलल्या. म्हणूनच म्हटलं, मागचा टायर एमआरएफ.

येळ्ळूरकर
काल रात्री शाम्पू लावून बसलो. मेकॅनिककाका, तुमचे आभार कसे मानू? व्हॉल्व्ह ठीक आहे. डाव्या बाजूला कडेवर बोटभर लांबीत फेस चढत होता, आणि तिथे हात फिरवला तर रिम आत दबलेली लागते. म्हणजे त्या खड्ड्यात मागचं चाक पण आपटलंय. पुढे सळी लावली, एका जागी घासते आणि समोरच्या बाजूला करंगळी जाईल एवढी फट. टायर दोन्ही अजून चांगले आहेत.

निपाणीकर
मग मागे ट्यूब टाका. चारशे रुपयांत हवा थांबेल.

जुना मेकॅनिक, खानापूर
हवा थांबेल, पण ट्यूब टाकली की ट्यूबलेसचा फायदा गेला. खिळा लागला तर हवा एकदम जाते, घाटात दोघं असताना ते नको. आणि रिम दबलेलीच राहणार. पुढचं चाक तर तसंच.

टिळकवाडी रायडर
दोन सेकंडहँड अलॉय बघ. चार हजारात होतील.

चंदगडी
बसने जा की. म्हापशाला उतरून रिक्षा.

येळ्ळूरकर
मंडळी, सगळ्यांचं वाचलं. पल्सर दिवाळीनंतर, पैसे जमले की. मी स्प्लेंडर तयार केली.
आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलवाले आजोबा आहेत. त्यांनी चाक स्टँडवर चढवलं, खडू रिमजवळ धरून फिरवलं, जिथे खूण उमटली तिथले स्पोक चावीने एका बाजूला सैल, दुसऱ्या बाजूला घट्ट. पाव-पाव फेरा, परत फिरव, परत खडू. तुटलेले चार स्पोक नवे टाकले. मग प्रत्येक स्पोकवर चावी वाजवत गेले, सैल स्पोक बद्द वाजतो, घट्ट टणकन. शेवटी खडूची रेघ चाकभर सारखी आली. तासभर लागला, दोनशे रुपये घेतले. पुढचा २.७५-१८ टायर कडेला चिरलेला होता तो नवा, दोन्ही ट्यूबा नव्या, मागचा टायर ठीक आहे. सगळे मिळून २२०० च्या आत.

टिळकवाडी रायडर
स्प्लेंडरवर दोघं, येताना आंबोली? चढावर दुसऱ्या गिअरमध्ये रडेल ती.

जुना मेकॅनिक, खानापूर
मी तुम्हाला पल्सरच दुरुस्त करा म्हणणार होतो. पण चाक नीट झालंय तर जा. नव्या टायरवर पहिले शंभर-दीडशे किलोमीटर वळणावर गाडी झोपवू नका, वरचा गुळगुळीत थर घासायला तेवढं लागतं. एक ट्यूब, दोन टायर लिव्हर आणि पंप जवळ ठेवा.

अनगोळची वहिनी
आणि कणकुंबी सोडायच्या आधी घरी फोन करा.

येळ्ळूरकर
साखळीला चहाला थांबलोय. पहाटे थंड टायरमध्ये स्टिकर बघून दोघांची हवा मारली होती, आत्ता अंगठ्याने दाबून बघितलं, तेवढीच आहे. घाट उतरताना दुसरा गिअर लागला, पण हँडल एकदाही थरथरलं नाही.