मूलभूत उत्पन्न द्या, पण रेशन तोडून नको

मूलभूत उत्पन्न म्हणजे सरकारने प्रत्येकाला विनाअट दिलेली ठरावीक रोख रक्कम. त्यावर 'फुकट पैसा मिळाला की लोक काम सोडतात' असं काही जण म्हणतात, ते मला अजिबात पटत नाही. मध्य प्रदेशातल्या काही गावांत २०११-१२ मध्ये 'सेवा' या कष्टकरी महिलांच्या संघटनेने आणि युनिसेफने दरमहा विनाअट रोख रक्कम देऊन पाहिली. लोक घरी बसले नाहीत, उलट स्वतःच्या शेतीत आणि धंद्यात जास्त राबले.

माझी काळजी वेगळीच आहे. २०१६-१७ च्या केंद्रीय आर्थिक पाहणीत माणशी वर्षाला ७,६२० रुपयांचा हिशेब मांडला होता, म्हणजे महिन्याला ६३५. एवढ्यात मुंबईत काय होतं? गोवंडी-मानखुर्दला झोपडीचं भाडंसुद्धा निघणार नाही. आणि तीही रक्कम चालू योजनांच्या जागी आणायचा विचार त्यात होता! रेशनचा तांदूळ महागाईने आटत नाही, हातातले पैसे आटतात.

'आमच्या करातून कशाला' म्हणणाऱ्यांनी पगाराची स्लिप बघावी. व्यवसाय कर महाराष्ट्रात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठीच. मुंबईतल्या पगारदारांनी खेड्यातल्या मजुराचा भार उचलला, आणि राज्य काही बुडालं नाही.

लाडक्या बहिणीचे १५०० चांगलेच, पण अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा आली की कागद आले. आमच्याकडे धुणीभांडी करणाऱ्या मावशींचा अर्ज कागदांपायीच अडकला होता, खाडे झाले ते वेगळेच. म्हणून सरसकट द्या. श्रीमंतांकडून ते आयकरात परत घेता येतात.