मदत हवी आहे: कोंबड्यांच्या कॉक्सीत आयमेरिया टेनेलाची पृष्ठ-प्रथिनं आणि रोगाची तीव्रता

नमस्कार मंडळी,

मी परजीवीशास्त्रात एम.व्ही.एस्सी. करते आहे. विषय आहे आयमेरिया या एकपेशीय परजीवीमुळे होणारी ब्रॉयलर पिल्लांची रक्ती हगवण, म्हणजे फार्मवाले जिला नुसतं 'कॉक्सी' म्हणतात ती. संशोधनाचा आराखडा लिहिताना एका मुद्द्यावर घोडं अडलंय. कुणी आयमेरियावर काम केलं असेल तर कृपया वाचा.

आयमेरियाच्या टेनेला या जातीने मेलेल्या पिल्लाचं सीकम (आंधळं आतडं) उघडलं की आत रक्ताच्या गुठळ्या असतात आणि भिंत सुजून जाड झालेली असते. ती जरा खरवडून सलाइनच्या थेंबात काचपट्टीवर घ्या, शायझाँट (पेशीत वाढून फुटणारी परजीवीची अवस्था) आणि त्यातून बाहेर पडणाऱ्या मेरोझॉइटचे पुंजकेच्या पुंजके दिसतात. या मेरोझॉइटच्या अंगावर 'सॅग' कुळातली पृष्ठ-प्रथिनं असतात. टेनेलाच्या जीनोममध्ये त्यांची ८९ जनुकं सापडली आहेत आणि बरीचशी दुसऱ्या पिढीच्या (वाढीच्या दुसऱ्या फेरीतल्या) मेरोझॉइटमध्ये व्यक्त होतात. सॅग ४, ५ आणि १२ ही प्रथिनं प्रयोगशाळेत बनवून कोंबडीच्या मॅक्रोफेजवर (भक्षक पेशींवर) टाकली, तेव्हा प्रतिकारशक्तीच्या संदेशवाहक प्रथिनांपैकी आयएल-१ बीटा आणि आयएल-१० वाढले, आयएल-१२ आणि इंटरफेरॉन-गॅमा दबले. दाह भडकवायचा आणि परजीवीला आवरणारी प्रतिकारशक्ती मात्र दाबायची, असा हा प्रकार. एवढं वाचलं की तीव्रतेचं मूळ सॅगमध्येच आहे असं वाटायला लागतं.

पण मग आयमेरिया मायटिसचं काय? ही जात टेनेलाच्या मानाने कितीतरी सौम्य, रक्त पडत नाही, आणि तरी तिच्याकडे सॅग जनुकं टेनेलापेक्षाही जास्त. म्हणजे नुसत्या संख्येला अर्थ नाही. प्रकार बघावा तर 'सॅग-बी' हा उपगट फक्त टेनेला आणि नेकॅट्रिक्समध्ये आढळतो, आणि सगळ्यात जास्त पिल्लं मारणाऱ्या जाती याच दोन. हा धागा मला सोडवत नाही.

दुसरी बाजू, म्हणजे तीव्रता शायझाँटच्या वाढीमुळे येते ही, तितकीच भक्कम आहे. टेनेलाचे दुसऱ्या पिढीचे शायझाँट श्लेष्मल त्वचेत खोलवर वाढतात आणि संसर्गाच्या पाचव्या दिवसाच्या सुमारास फुटले की रक्तवाहिन्या उघड्या पडतात. जेफर्स यांनी १९७५ मध्ये विष्ठेतून लवकर बाहेर पडणारे ऊसिस्ट (परजीवीची अंड्यासारखी अवस्था) निवडत निवडत टेनेलाचा शीघ्र वंश तयार केला. त्यात ही दुसरी पिढी आक्रसली आणि मारकपणाही घटला. पृष्ठ-प्रथिनांना हात न लावता!

माझी अडचण इथेच आहे. मारक वंश आणि शीघ्र वंश घेऊन सॅग-बीची अभिव्यक्ती क्यूपीसीआरने तोलायची, असं ठरवलं होतं. पण शीघ्र वंशात दुसऱ्या पिढीचे मेरोझॉइटच कमी असले, तर सॅग-बी कमी दिसणारच. तो फरक कारण म्हणून धरायचा की परिणाम म्हणून?

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मेरोझॉइट वेगळे काढून, मोजून, सारख्या संख्येवर आरएनए काढला तर ही गल्लत टळेल का? संसर्गानंतर ११२ तासांच्या आसपास सीकममधून ते स्वच्छ कसे मिळवता? माझ्याकडे आतड्याच्या पेशींचा गाळ फार येतो. दोन, वंशांची तुलना सोडून एकाच मारक वंशात सॅग-बीविरुद्धच्या प्रतिपिंडाने सीकमच्या छेदांवर रंजन केलं, आणि दाह नेमका तिथेच दिसतो का ते पाहिलं, तर ते जास्त पटण्यासारखं होईल का? माझा कल दुसऱ्याकडे आहे, पण मार्गदर्शक पहिल्यावर ठाम आहेत.

कुणी मेरोझॉइट शुद्धीकरण स्वतः केलं असेल तर गाळणीपासून सेंट्रिफ्यूजपर्यंतची सगळी पद्धत इथेच लिहा, प्लीज.