रिकाम्या कपातला चहा : मानून चालण्याविषयीचे आपले अनुभव

भातुकलीत रिकाम्या कपातून चहा पिणारे मूल फसलेले नसते आणि तो देणारे मूल फसवतही नसते. कप रिकामा आहे हे दोघांनाही पक्के ठाऊक असते, तरीही चहा गरम आहे असे ठरले की तो फुंकूनच प्यावा लागतो. दोघांनी मिळून असे काही मानणे मला फार मोलाचे वाटते. आपणही खेळात, रंगमंचावर किंवा घरात असे काही मानले असल्यास कृपया सविस्तर लिहावे.

बालवाडी शिक्षिका, नाशिक
वर्गातील एका मुलीने मला मातीचा मोदक दिला. मी तो तोंडाजवळ नेताच तिने घाईने माझा हात धरला आणि बजावले, "बाई, खरंच नाही खायचा हं, खोटं खोटं खायचा!" खेळात पूर्ण रमलेली असूनही हातातली माती ही मातीच आहे, हे ती क्षणभरही विसरली नव्हती. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हिगॉट्स्की यांनी १९३३ साली खेळावर दिलेल्या व्याख्यानात 'बहिणी-बहिणी' खेळणाऱ्या दोन सख्ख्या बहिणींचे उदाहरण घेतले आहे. एरवी आपण बहिणी आहोत हे त्यांच्या मनातही येत नाही. खेळताना मात्र बहिणीने कसे वागावे याचे नियम त्या कसोशीने पाळतात. म्हणूनच "मुले नुसती खेळतात" असे पालक म्हणतात तेव्हा मला वाईट वाटते, कारण कोणी न सांगता स्वतःला नियमात बांधून घेण्याची इतकी संधी त्यांना इतरत्र क्वचितच मिळते.

कुडाळ
आमच्याकडे जत्रेत रात्रभर चालणाऱ्या दशावतारात लिखित संहिता नसते. मागे पडदा आणि पुढे एक लाकडी बाक एवढ्यावर इंद्राचा दरबार उभा राहतो, आणि संवाद नट आयत्या वेळी रचतात. स्त्रीभूमिका करणारा पुरुष गावातल्या सर्वांच्या ओळखीचा असतो, तरी त्याच्या विलापाने बायकांचे डोळे भरून येतात.

पुणे
वरील अनुभवांत दोन्ही बाजूंना सारे ठाऊक आहे. माझ्या आईला स्मृतिभ्रंश झाला असून ती दिवंगत बाबांची वाट पाहते. "येतीलच" असे मी म्हणते तेव्हा ते एकटीने केलेले सोंग असते आणि मला ते जड जाते. त्यापेक्षा "बाबांना जेवायला काय आवडतं गं?" असे विचारले की ती भरल्या वांग्यांविषयी भरभरून बोलते, आणि त्यातला प्रत्येक शब्द खरा असतो.

कोल्हापूर
पुण्याच्या ताई, आमचे वडील एसटीत वाहक होते. आता त्याच आजारात ते दिवाणखान्यात तिकिटे फाडतात. माझा मुलगा रोज निपाणीचे तिकीट काढतो, पैसे म्हणून सोंगट्या देतो आणि अर्धे तिकीट मिळावे यासाठी वादही घालतो. आजोबा वय विचारतात, कारण त्यांच्या गाडीत नियम चालतो.